वाडग्यातलं पाचवं पान

दादाचं ड्रिल मशीन परत द्यायला गेलो होतो, एवढंच. रविवारची दुपार. दादा, वहिनी आणि दादाचा मित्र, दातांचा डॉक्टर, जेवणाच्या टेबलाभोवती बसले होते. मधे एक नवाकोरा पट मांडलेला.

"बरा आलास," दादा म्हणाला. "चौथा हवाच होता."

खेळ सोपा होता. चौघांनी मिळून राणीला शापित जंगलातून गडावर पोचवायचं. दर फेरीला प्रत्येकाने हातातलं एक पान वाडग्यात पालथं टाकायचं. सगळी पांढरी निघाली तर राणी पुढे, एक जरी काळं निघालं तरी मागे. मात्र चौघांत एक फितूर असतो. कोण, ते सुरुवातीच्या चिठ्ठीवरून त्याचं त्यालाच ठाऊक. माझ्या चिठ्ठीवर 'इमानी' होतं.

पहिल्या फेरीची पानं मी पिसून उघडली. चार पांढरी, एक काळं. काळं दिसताच बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले, पानं कुणी मोजली नाहीत.

कुणीतरी चुकून दोन टाकली असतील, असं वाटलं. दुसऱ्या फेरीला मी हातांवर लक्ष ठेवलं. चार हात, चार पानं. वाडगा उलटा केला, तर पाच. पंखा फिरत होता, तरी कुठूनतरी विझलेल्या वातीचा वास येत होता...

मी बोलणार होतो. पण दादा वहिनीकडे बघायला लागला होता. त्याची नजर एकावर बसली की बाकीच्यांची सुटका असते, हे मी लहानपणीच शिकलो होतो. मी मुकाट्याने पानं गोळा केली.

"हिचंच काम," दादा म्हणाला. "हात बघा कसा थरथरतोय."

"अहो, माझी चिठ्ठी इमानीची आहे..."

"फितूर दुसरं काय म्हणणार?" डॉक्टर हसले.

मत घेतलं. दोघांचे हात वर गेले. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मीही हात वर केला.

खेळातून बाद म्हणजे फक्त खुर्ची सोडायची. पण दादाने तिला दंडाला धरून अडगळीच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी घातली. तिला अंधाराची भीती वाटते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बराच वेळ ती दार ठोठावत राहिली. मग थांबली, आणि कुजबुज सुरू झाली. ती बोलायची, गप्प व्हायची, पुन्हा बोलायची... कुणाला तरी उत्तरं दिल्यासारखी.

पुढची फेरी आम्ही तिघं खेळलो. वाडग्यातून चार पानं निघाली. एक काळं.

दादा पोट धरून हसला आणि त्याने खिशातून एक चिठ्ठी काढली. 'फितूर'. "ही मी आधीच काढून ठेवली होती. फितूर कुणी नव्हतंच. तरी केलेत ना हात वर?"

"म्हणजे काळी पानं तू टाकत होतास?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी? मला वाटलं, तू टाकतोयस."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. दादाचं हसू विरलं.

दार उघडलं तेव्हा वहिनी ट्रंकेवर शांत बसली होती. डोळे कोरडे. तिने पर्स उचलली आणि माहेरी निघून गेली.

तीन आठवड्यांनी दादा त्याच खोलीत मेलेला सापडला. नखं तुटलेली, दारावर आतून ओरखडे. खोलीची कडी बाहेरून लागलेली होती. घराचं दार मात्र आतून बंद होतं, आणि घरात तो एकटाच राहत होता.

महिन्याभराने मी वहिनीकडे गेलो. पानांचं सगळं सांगून टाकलं, माफी मागितली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"वहिनी, तिथे आत... कुणी होतं?"

"दिसलं नाही. शेजारी बसलं होतं. फार मायेनं बोलत होतं." तिने एक टॉवेल झटकला. "विचारलं, पुढचा कोण. मी ह्यांचं नाव सांगितलं. मग विचारलं, त्यांच्यानंतर?"

"मग... तुम्ही काय सांगितलंत?"

तिने घड्या कपाटात ठेवल्या, कपाट लावलं.

"चहा निवतोय, भाऊजी."

डॉक्टर अजून ठणठणीत आहेत. मी रोज सकाळी त्यांना फोन करतो. अजून तरी ते स्वतःच उचलतात.