आधी मागचे पाय

"ही गाय आहे की दारात बसलेलं कुत्रं?"

कुंपणापाशी चित्र काढत बसलेल्या तिने चमकून मागे पाहिलं. दोन्ही हातांत दुधाच्या किटल्या, ओठांत दाबलेलं हसू – गोठ्याचा तरुण मालक उभा होता. दुसऱ्याची चूक दाखवल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे, म्हणून सगळं गाव त्याला मास्तर म्हणे.

"उठतेय ती," ती फणकारली.

"पुढचे पाय आधी टाकून? तसा घोडा उठतो. गाय गुडघे टेकते आणि आधी मागचे पाय उचलते."

"तुम्हाला चित्रातलं कळतं?"

"छे! गाईतलं कळतं."

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण घाव वर्मी बसला होता. "रेषा सुबक, पण जीव नाही," असं म्हणून कलाशाळेच्या सरांनी दोनदा तिची चित्रं परत केली होती. आता शेवटची संधी म्हणून त्यांनीच तिला आत्याच्या या गावातल्या दूध केंद्राची भिंत रंगवायला दिली होती. ती सरांना पसंत पडली, तर आसपासच्या गावांच्या भिंतीही तिच्या. नाहीतर मुकाट्याने वडिलांच्या दुकानात कापड मोजत बसायचं, असं कबूल करूनच ती घरातून निघाली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती गोठ्यात हजर!

"पेन्सिल खिशात ठेवा," मास्तर म्हणाला. "आधी धार काढा."

दूध राहिलं बाजूला, शेपटीचा फटका तेवढा मिळाला. तो मात्र हसला नाही. हळूच म्हणाला, "तुम्ही घाबरलात की तिलाही कळतं. कपाळ तिच्या कुशीला टेकवा... असं."

तिने टेकवलं. ऊबदार पोट सावकाश फुगत होतं, ओसरत होतं. रोज तसं टेकवता टेकवता तिला उमगलं – उठण्याआधी गाय एक मोठा श्वास घेते, मग सगळं ओझं गुडघ्यांवर येतं, मग...

एकदा किटली देताघेता बोटांना बोटं लागली, आणि किटली नेमकी कुणी धरलीय हेच दोघांना कळेना.

"दूध आणायला दोन तास?" आत्याने विचारलं. "गाय फार लांब बांधलीय वाटतं!"

"आत्या..."

"मी काही म्हटलं का? गालाला शेण लागलंय, तेवढं पूस."

भिंत पूर्ण झाली. सकाळी दूध घालायला आलेली रांग मान वर करून पाहत असतानाच सर आले.

"ही पडलीय का? अवघडलेली दिसते," भिंतीवरच्या गाईकडे बोट दाखवत ते म्हणाले. "पाय सरळ करा हिचे."

पूर्वीची ती असती, तर तिने लगेच ब्रश उचलला असता.

"नाही सर," ती म्हणाली. "गाय अशीच उठते. मी एक रेषही बदलणार नाही."

"अहो, गाभण आहे ती!" रांगेतली एक आजी ओरडली. "पोट सांभाळून उठतेय, दिसत नाही का? पंधरा दिवसांत विणार बघा!"

रांगेत हशा पिकला. सर भिंतीजवळ गेले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी नकळत चित्रातल्या गाईच्या पाठीवरून हात फिरवला.

"हिला हात लावल्यावाचून राहवत नाही," ते म्हणाले. "बाकीच्या गावांच्या भिंतीही तुम्हीच रंगवायच्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तर तेवढा किटलीच्या झाकणाशी चाळा करत होता.

"आता काय... गावोगाव फिराल. इथे कशाला थांबाल?"

"तुमच्या गोठ्याच्या भिंती कोऱ्याच आहेत की."

"गाई रंग चाटून टाकतील."

"मग दरवर्षी नव्याने रंगवीन."

"दर... वर्षी?"

"तुमची हरकत नसेल तर – जन्मभर."

त्याने किटली खाली ठेवली आणि भर रांगेत, अख्ख्या गावासमोर, तिचा रंगाने माखलेला हात हातात घेतला.

"अहो, दूध नासेल, पुढे सरका!" मागून कुणीतरी ओरडलं.

सरकतंय कोण!