डॉक्टर हॅस्किन्सची शपथ

ऐका रे पोरांनो, मध्ये कुणी बोलायचं नाही. डेल्मर प्रूइट आमच्या टेक्सासच्या कोर्टातला सरकारी वकील आणि मी तिथला शिपाई. माणूस कवडीमोलाचा. पुढचं बरंचसं त्यानंच मला दारूच्या भरात सांगितलं.

ऑगस्टातला दुसरा गुरुवार. डेल्मरनं खटला चालवून देहदंड मिळवून दिलेल्या वेंडल टिपेटला त्या संध्याकाळी तुरुंगात विषाची सुई देऊन मारलं. खून झालेल्या बाईच्या खांद्यावर चावा होता आणि ते वेंडलचेच दात, असं दातांच्या डॉक्टर हॅस्किन्सनं शपथेवर सांगितलं होतं. दुसरा पुरावा काडीचा नव्हता. "मी नाही हो चावलो," एवढंच वेंडल शेवटपर्यंत म्हणत राहिला.

असा माणूस गेला की डेल्मर ऑफिससाठी भाजलेलं ब्रिस्केट, म्हणजे बैलाच्या छातीचं मांस, मेजवानीला न्यायचा. लाज म्हणून नाही मेल्याला! त्या रात्रीही पार्सल शेजारच्या सीटवर ठेवून शीळ घालत निघाला.

पाइनच्या रानात वास बदलला. मांसाचा नाही... औषधाचा. तुरुंगातला. मागच्या सीटवर कुणीतरी श्वास घेतला.

"कोण आहे?"

...

"कोण आहे रे?"

गाडी थांबली. त्यानं थांबवली नव्हती. मानेवर गार वाफ आली... आणि पाठीत दात रुतले.

मागे कुणी नव्हतं.

सकाळी त्यानं हॅस्किन्सला पाठीवरचे दातांचे वण दाखवले. बाकी काही सांगितलं नाही.

"हे दात तुझ्या बायकोचेच. म्हण तर शपथेवर सांगतो!"

"डॉक, ती महिनाभर ओहायोला आहे."

"मग दुसरी कुणीतरी. लपवतोस काय लेका!"

डॉक्टर हसला. डेल्मर नाही हसला. हा कुणाचेही दात कुणाच्याही नावावर खपवतो, हे त्याला तेव्हा कळलं.

सोमवारी दुसऱ्या एकाचा खटला होता. त्याचाही जीव याच डॉक्टरच्या जिभेवर टांगलेला. डेल्मरनं नुसतं "हा साक्षीदार नको" म्हटलं असतं तरी तो वाचला असता. पण आमच्याकडे सरकारी वकीलही मतांवर निवडून येतो, आणि याची निवडणूक तोंडावर! त्या नालायकानं डॉक्टरलाच उभं केलं.

बायबल मीच धरलं होतं. डॉक्टरनं त्यावर हात ठेवला. "मी खरं..."

थांबला.

तोंड उघडं. आवाज नाही.

मग असा किंचाळला... हात ओढून पळाला, तो परत कुठल्याच कोर्टात आला नाही. तो दुसरा माणूस जिवंत आहे.

हात त्याचा धड होता. पण बायबलच्या कातडी पुठ्ठ्यावर, माझ्या डोळ्यांदेखत, दातांच्या दोन ओळी उमटल्या होत्या. कुणाच्या, ते शपथेवर सांगायला अजून कुणी धजलेलं नाही.