दीपगृहातून गेलेलं जहाज

"ते बघा, आलं," म्हणत व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीचा मालक खुर्चीसकट मागे सरकला.

पडद्यावर एक शिडाचं जहाज नागमोडी वाटेनं येत होतं. वाटेत दीपगृह होतं. जहाज त्याच्या भिंतीतून आरपार गेलं आणि पुढच्या खडकावर फुटलं. खेळातल्या किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला शिडामागे सुकाणूवाल्याची टोपी तेवढी दिसली.

"टोपी माझ्या दादाची आहे," मालक म्हणाला. "खेळातला हा समुद्र, ही जहाजं, सगळं त्यानं रचलं. इथेच खेळून बघताना छातीत कळ आली आणि गेला. आता रोज दुपारी हे असं. माणसं कामाला बसत नाहीत. आज छडा लावा, नाहीतर संध्याकाळी हा समुद्रच पुसून टाकतो."

खासगी गुप्तहेराला सगळे पाठीमागे घुबड म्हणत. तो डोळे न मिटता पडद्याकडे बघत होता. त्याच्यासोबत आलेल्या त्याच्या मामांनी मात्र पाय खुर्चीवर घेतले होते.

प्रोग्रामर जांभई देत म्हणाला, "भुताचं मला विचारू नका. लाटा तपासायला मी सकाळपासून वारा बंद ठेवलाय. बाकीची जहाजं वाऱ्याशिवाय आपोआप नाकासमोर चालतात."

"खेळून बघता त्या फेऱ्या साठवता?" घुबडानं विचारलं.

"सगळ्या. चुका शोधायला लागतात."

मग घुबड चित्रकाराकडे वळला. चित्रकार म्हणजे मालकाची वहिनी, गेलेल्याची बायको.

"दीपगृह तुम्ही काढलंत?"

"हो. हे गेल्यावर."

"भीती वाटते?"

"ह्यांची कसली भीती? खडक जवळ आला की सुकाणूवरचे हात सुटतात, तेवढं बघवत नाही."

बाहेर येताच मामा कुजबुजले, "प्रोग्रामरच! जांभयांचं सोंग आहे. चोराच्या मनात चांदणं."

"त्याच्या मनात झोप आहे, मामा."

घुबडानं सगळ्यांना पडद्यासमोर बसवलं.

"वारा बंद, तरी हे जहाज नागमोडी चाललं. समोरून वारा असला की शिडाचं जहाज असंच चालवावं लागतं. म्हणजे ही हाताळणी आजची नाही. दीपगृहातून आरपार गेलं, कारण तेव्हा तिथे दीपगृह नव्हतंच. ही दादांची साठवलेली शेवटची फेरी आहे. कळ आली, हात सुटले, जहाज फुटलं."

"पण ती रोज लावतंय कोण?" मामांनी विचारलं.

"किनाऱ्यावरून फक्त टोपी दिसते. हात सुटताना बघायचे तर खेळात शिरून जहाजावर, शेजारी उभं राहावं लागतं."

वहिनीनं मान खाली घातली.

"कुणाला घाबरवायचं नव्हतं. त्या दिवशी मी शेजारच्या खोलीत होते, मला कळलंच नाही. म्हणून रोज जाऊन उभी राहते. सुकाणू धरायला जाते, हात आरपार जातो. भाऊजी, समुद्र पुसलात तर हेही जातील."

मालकाचा राग कुठल्या कुठे गेला. त्यानं प्रोग्रामरला विचारलं, "हात सुटल्यावर सुकाणू दुसऱ्याला धरता येईल असं जमेल?"

"जमेल. चहा होऊ द्या तोवर."

जहाज पुन्हा निघालं. हात सुटले. वहिनीनं सुकाणू पकडलं आणि सगळा जोर लावून वळवलं. खडक बाजूनं निघून गेला, पुढे मोकळं पाणी लागलं. तिनं मागे वळून पाहिलं. फेरी संपली होती; जहाजावर तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

ती हमसून हमसून रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"वहिनी, उद्या पुन्हा लावायची?"

"नको, भाऊजी. सुटले ते."

फेरी पुसायला प्रोग्रामरचा हात धजेना, तेव्हा तिनं ती स्वतःच पुसली.