हिरवं की निळं

धनराजचा लॅपटॉप अचानक बंद पडला. त्याने मान वर केली, तर एक मुलगी त्याच्याच चार्जरची पिन हातात धरून उभी.

"अहो! बॅटरी खराब आहे त्याची. सगळं काम गेलं माझं!"

"सेव्ह केलं नव्हतं?"

"...नाही."

"मग माझी चूक निम्मीच," ती म्हणाली आणि तिने शांतपणे स्वतःची पिन लावली.

ती तृप्ती, मनमाडची. तो धनराज, पेठचा. नाशिकच्या मार्केट यार्डाजवळच्या कांदा उत्पादकांच्या कंपनीने दोघांना आपल्या ऑफिसात एकाच कामासाठी बोलावलं होतं, हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हतं.

कंपनीला फोरम सुरू करायचा होता. एका शेतकऱ्याने प्रश्न विचारावा, दुसऱ्याने उत्तर द्यावं, अशी इंटरनेटवरची जागा. त्यासाठी दोन सॉफ्टवेअर नजरेत होती. त्यांची इंग्रजी नावं तोंडात बसेनात, म्हणून कंपनीचे अध्यक्ष कारभारीकाका त्यांना पडद्यावरच्या रंगाने ओळखत. हिरवं आणि निळं. तृप्ती हिरव्यासाठी ॲड-ऑन बनवायची, धनराज निळ्यासाठी. ॲड-ऑन म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला लावायचा जास्तीचा भाग. ट्रॅक्टरला मागून नांगर लावतात ना, तसा.

"टाईप न करता, नुसतं बोलून प्रश्न विचारता आला पाहिजे," काका म्हणाले. "आणि हे बघा, आपल्याच बैलाचं कौतुक सगळे करतात. म्हणून अदलाबदल करा. धनराज, तू हिच्या हिरव्यावर बनव. तृप्ती, तू याच्या निळ्यावर. आठ दिवसांनी सांगा, कोणतं बरं."

एकच टेबल, एकच प्लग. डिसेंबरची थंडी आणि खिडकीतून येणारा कांद्याचा उग्र वास.

"तुमचं निळं फार हट्टी आहे हो," तिसऱ्या दिवशी तृप्ती कुरकुरली. "एवढंसं बटण लावायचं, तर मूळ कोडमध्येच हात घालावा लागतो. उद्या नवी आवृत्ती आली की सगळं उचकटणार!"

"त्याला समजून घ्यावं लागतं."

"तुम्हाला किती दिवस लागले?"

"तीन वर्षं... अजून चाललंय."

ती खळखळून हसली. धनराज पुढची ओळ विसरला.

हिरव्यावर त्याचं काम भराभर होत होतं. जोडायच्या जागा आधीच राखलेल्या, अडलं तर नमुना शेजारीच. चौथ्या दिवशी ॲड-ऑन तयार झालं. पण कुणी विचारलं, की तो म्हणायचा — थोडं राहिलंय.

पाचव्या दिवशी दोघं गाडीवरचा पेरू खात उभे होते.

"मला बेंगळुरूची नोकरी आलीय," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत कळवायचंय. इथे हिरवं ठरलं, तर दोन वर्षांचं काम मिळेल आणि मी राहीन. नाहीतर..." तिने बोटांवरचं तिखटमीठ झटकलं. "पण तुम्ही खरं तेच लिहा. माझ्यावर मेहेरबानी म्हणून हिरवं लिहिलंत, तर मी मुळीच थांबणार नाही."

आता आली पंचाईत! हिरवंच बरं होतं, हे खरं. आणि ती जाऊ नये असं त्याला वाटत होतं, हेही तितकंच खरं.

शुक्रवारी सकाळी ऑफिसात तो एकटाच होता. शेवटच्या चाचणीसाठी त्याने हिरव्यावर नवा विभाग तयार केला आणि माईकचं बटण दाबलं. काय बोलायचं?

"एक, दोन, तीन... तृप्ती, हिरवंच बरं आहे. तू थांबावीस म्हणून सांगत नाही. पण तू थांबावीस, असं वाटतं मला... फार वाटतं. चाचणी संपली."

निळ्यात नवा विभाग आपण उघडेपर्यंत इतरांना बंद असतो. हिरव्यात आपण बंद करेपर्यंत तो सगळ्यांना उघडाच असतो. तीन वर्षं निळ्यात घालवलेल्या माणसाच्या हे ध्यानीमनीही नव्हतं. त्याचा आवाज चाचणीसाठी जोडलेल्या चाळीस शेतकऱ्यांच्या फोनवर पोचला... आणि मनमाडहून येणाऱ्या बसमध्ये बसलेल्या तृप्तीच्या कानातही.

ती आली तेव्हा धनराजचा चेहरा पांढराफटक पडला होता. पडद्यावर एकतीस उत्तरं होती, सगळी बोललेली. पहिलंच देवळ्याच्या सिंधुबाईंचं — "बाळा, लय चांगलं बोलला. पण पोरगी काय म्हनली? आम्ही निंदणी सोडून बांधावर बसलोय!"

"सॉरी," तो पुटपुटला. "मला वाटलं, विभाग बंद असेल..."

तृप्तीने त्याचा अहवाल उघडला. प्रत्येक मुद्द्यापुढे कारण होतं, कोडच्या ओळी होत्या. मेहेरबानी कुठेच नव्हती. मग हिरव्याच्या रकान्यात, दोषांखाली, तिने स्वतः लिहिलं — 'नवा विभाग आपोआप सर्वांना खुला. नवख्याची फजिती होते.'

"आता पूर्ण झाला," ती म्हणाली.

तेवढ्यात कारभारीकाका फोन नाचवत आत आले. "अरे, एकतीस जण बोलले! दोन वर्षं मागे लागलोय यांच्या, कुणी तोंड उघडत नव्हतं. हिरवंच ठरलं. फक्त तेवढं दार लावायला शिका रे बाबांनो."

ते हसतच बाहेर गेले. धनराज विभाग बंद करायला माऊसकडे वळला.

"थांब."

तिने त्याला पहिल्यांदाच एकेरी हाक मारली होती.

"आधी उत्तर देऊ दे. सिंधुबाई खोळंबल्यात." तिने माईकचं बटण दाबलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आवाज मात्र ठाम होता. "सिंधुबाई... पोरगी थांबतेय म्हणाली. आणि फक्त कामासाठी नाही."

मग तिने विभागाला कुलूप घातलं... आत दोनच सदस्य ठेवून.