उडालेला सबवूफर आणि बहिऱ्या सासूबाई

हसायचं तर हसा. पण त्या स्वयंपाकघरात मी स्वतः उभी होते.

बल्गेरियातलं आमचं यांबोल. सप्टेंबरातला शनिवार, भर दुपार.

माझ्या सासूबाई, नेद्याल्का, ठार बहिऱ्या. ओठ बघून त्यांना बोलणं कळायचं. आणि माझा धाकटा दीर ओग्न्यान आला, की तळपायांना कळायचं! त्याच्या डिकीतला सबवूफर असा दणके द्यायचा, की गाडी गल्लीत वळताच आमची फरशी थरथरायची.

"आलं माझं गाढव!" म्हणत त्या सूप गरम करायला ठेवायच्या.

त्या सकाळी सबवूफर उडाला. जळका वास, नुसती खरखर. ओग्न्यानने तो काढून कोठीत टाकला.

"कॉइल जळाली, वहिनी."

"बरं झालं. गल्लीला जरा झोप लागेल."

सासूबाईंचं तोंड उतरलं. "मग तू आलास हे मला कसं कळणार?"

"नवा आणतो ना, आई!" म्हणत तो बुर्गासला गेला.

दुपारी सासूबाई मिरच्या भाजत होत्या. एकदम थांबल्या. फरशीकडे पाहिलं...

"आला!"

मी खिडकीतून डोकावले. गल्ली रिकामी.

उगाच कोठीत गेले. सबवूफर उताणा पडलेला. वायरी तुटलेल्या. मी त्याच्या गोल पडद्यावर हात ठेवला...

तो आत-बाहेर होत होता. हळूहळू.

आवाज काहीच नाही.

धावत परत आले. टेबलावर सूपचा वाडगा. सासूबाई रिकाम्या खुर्चीसमोर बसलेल्या. नजर थेट तिथे... जिथे बसलेल्या माणसाचं तोंड असतं.

मान डोलावत होत्या. मध्येच हसल्या.

"हो रे, कळलं. आता कुठे नाही जायचं."

तेवढ्यात फोन वाजला. ओग्न्यानचं काही बरंवाईट झालं, असं समजूनच मी तो उचलला.

"वहिनी, मिळाला नवा! निघतोय आता." ओग्न्यानच होता. धडधाकट.

मग खुर्चीत कोण होतं?

संध्याकाळी तो आला. कपाटातले ग्लास किणकिणले. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"आई, मी आलोय!"

त्यांनी त्याच्या ओठांकडे पाहिलं. मग मला विचारलं,

"हा कोण मुलगा? बाहेर बसव त्याला. ओग्न्यान जेवतोय."

डॉक्टर म्हणाले, वयाने होतं असं. पण बाकी सगळ्यांना त्या अजून ओळखतात. फक्त त्यालाच नाही. जुना सबवूफर भंगारात दिला, तरी फरक नाही. ओग्न्यान हल्ली अंगणातूनच परत जातो.

काल मी मिरच्या निवडत होते. सासूबाई खुर्चीकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"ओग्न्यान विचारतोय... वहिनी माझ्याशी बोलत का नाही?"

मी मान वर केली नाही.