रिकाम्या मांडीची माय

ईस्टरच्या आधी पंधरा दिवस रोसबेकेच्या चर्चमध्ये सगळ्या मूर्तींवर जांभळं कापड चढतं. कापडाखाली कोण आहे, हे त्या दिवसांत कुणी बघत नाही. अमांद व्हर्लेने त्याच पंधरवड्यातली एक दुपार निवडली होती. हातगाडीवर पेंढा, पेंढ्यावर जांभळ्या कापडात गुंडाळलेली, दोन वर्षांच्या पोराएवढी एक वस्तू, आणि तिच्या पायाशी हत्यारांची पिशवी. कालव्यावरून धुकं येत होतं आणि गाडीचं चाक मधूनमधून कुरकुरत होतं.

पुलापाशी सेराफिन गाडीवाला भेटला. त्याने नाक वर करून हुंगलं.

"माझ्या घोडीचा वास येतोय रे तुझ्या सामानाला."

"लाकूड आहे," अमांद म्हणाला.

"असू दे की. प्रभू तबेल्यातच जन्मला, लाकडाला कसली लाज."

अमांद हसला. आपण हसलो होतो, हे त्याला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

वास खराच होता. ओकचं ताजं लाकूड हिवाळाभर तबेल्यात टांगून ठेवलं, की घोड्यांच्या मुताच्या वाफेने ते काळं पडतं. तीन-चारशे वर्षं मेणबत्त्यांच्या धुरात राहिल्यासारखं. अमांदचा सगळा धंदाच त्या काळेपणावर चालला होता. आगगाडीचे रूळ पसरत होते, गेंटच्या आसपास नवी गावं वसत होती, आणि प्रत्येक गावाला नवं चर्च हवं होतं. ते दिसायला मात्र जुनं हवं होतं. अमांद जुन्या वळणाचे संत कोरी, जुन्या वळणाच्या देवमाता कोरी. कोरून झालं की बारीक सामत्याने किडीची भोकं पाडी, सरळ नव्हे, किंचित वाकडी, कारण कीड कधी सरळ जात नाही. या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पण त्या दिवशीची मूर्ती नव्या गावासाठी नव्हती.

रोसबेकेची माय फार जुनी. मूर्तिभंजकांनी कधीकाळी कुऱ्हाडीने तिच्या मांडीवरचा बाळयेशू तोडून नेला होता. मांडीवर घाव राहिले आणि बाळ जिथे खुंटीने बसवलेलं होतं ते भोक राहिलं. गावाने तिला दुसरं बाळ कधी दिलं नाही. उलट, ज्या बायांचं लेकरू पोटातच जाई, त्या ते तिच्यापाशी पाठवत. बाप्तिस्मा जिवंताचाच होतो. बाप्तिस्मा न झालेल्या बाळाला पवित्र मातीत जागा नाही; त्याला उत्तरेच्या भिंतीमागे, खाजऱ्या पाल्याच्या रानात पुरतात. म्हणून मेलेलं लेकरू मायेपुढे ठेवायचं आणि खुणेची वाट बघायची. ओठांवर रंग आला, ओठांवर ठेवलेलं पीस हललं, की तेवढ्या एका श्वासापुरतं ते जिवंत. सुईणीने घाईने पाणी शिंपडायचं, नाव ठेवायचं. मग त्याला भिंतीच्या आत जागा. बिशपांनी हे बंद करायला सांगितलं होतं. फादर लाउवर्स अशा वेळी चर्चचं दार उघडं ठेवून बागेत निघून जात.

या मायेला आतून कीड लागली होती. अमांदने बोटाने दाबून पाहिलं तेव्हा पाठीचा पिठासारखा भुगा झाला. दुरुस्ती होणार नाही, असं त्याने फादरना सांगितलं. गाव नव्या मूर्तीपुढे गुडघे टेकणार नाही, हे फादरना ठाऊक होतं. म्हणून हुबेहूब तशीच दुसरी करायची, घावांसकट, खुंटीच्या भोकासकट, आणि कापडाच्या दिवसांत बदलायची, असं दोघांचं ठरलं. जुनीला जाळून तिची राख चर्चच्या आवारात पुरायची. आशीर्वाद दिलेल्या वस्तूला तोच मार्ग. ते काम अमांदने अंगावर घेतलं.

ईस्टरला कापडं निघाली. म्हाताऱ्या बाया नेहमीप्रमाणे मायेपुढे बसल्या, नेहमीप्रमाणे तिच्या पायाला हात लावला. कुणाला काही कळलं नाही. अमांदला वाटायला हवा होता त्याहून जास्त अभिमान वाटला.

जुनीला त्याने जाळलं नाही. आधी वाटलं, नमुना म्हणून थोडे दिवस राहू दे. मग वाटलं, पिढ्यान्‌पिढ्यांच्या रंगाच्या थरांखाली त्या जुन्या कारागिराची पटाशी कशी चालली होती ते एकदा बघावं. त्या काळी सगळेच जाणकार असं करत. जुना रंग म्हणजे घाण, खरं काम लाकडात, असं शिकवलं जाई. त्याने मूर्ती सोड्याच्या पाण्यात ठेवली. सकाळी बाहेर काढली तेव्हा रंग गेला होता आणि रंगाबरोबर चेहराही गेला होता. लाकूड किडीने केव्हाच खाल्लं होतं. तो चेहरा नुसत्या रंगावर उभा होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत आता एक मऊ, ओली, सपाट जागा होती.

त्याने तिला माळ्यावर ओकच्या फळ्यांमागे ठेवलं. माळा त्याच्या आणि बायकोच्या झोपायच्या खोलीच्या वर होता. खाली धुराड्याची ऊब, त्यामुळे तिथे लाकूड कोरडं राही.

शरद ऋतूत त्याच्या बायकोचे, सिदोनीचे दिवस पूर्ण भरले, आणि मुलगी झाली ती निळी झाली. रडली नाही. लग्नानंतर फार वर्षांनी, दोघंही चाळिशीकडे झुकलेली असताना आलेलं ते पहिलंच मूल होतं. फिलोमेन सुईणीने बाळाला उलटं धरलं, चापट मारली, तोंडात फुंकर घातली, मग ते स्वच्छ फडक्यात गुंडाळलं.

"मायेकडे न्या तिला," सिदोनी म्हणाली.

अमांद खिडकीपाशी उभा होता. त्याने नाही म्हणायला तोंड उघडलं. काय म्हणून नाही म्हणणार होता? ती माय नाही, माझ्या हातचं लाकूड आहे, म्हणून? सिदोनी त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत एवढी एकच आशा उरली होती, ही पोर खाजऱ्या पाल्यात जाऊ नये.

"नेतो," तो म्हणाला.

फिलोमेनने सिदोनीच्या उशीतून हंसाचं एक पीस उपसून घेतलं.

चर्चमध्ये कुणी नव्हतं. फादर बागेत गेले होते. बाहेर दुपार होती, पण धुक्यामुळे काचांमधून राखेसारखा उजेड येत होता. फिलोमेनने बाळाला मायेच्या पायाशी ठेवलं, मेणबत्ती लावली, ओठांवर पीस ठेवलं. वाकताना मेणबत्ती कलली आणि पिसाच्या देठावर मेणाचा एक थेंब पडून गोठला. मग ती प्रार्थना पुटपुटू लागली.

अमांदला वर बघवेना. त्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ त्याची होती. नाकाच्या कडेला पटाशी जरा जास्त लागली होती, ती जागा त्याने मेण भरून झाकली होती. छातीवरची किडीची भोकं त्याची होती. धुपाच्या वासाखाली अजून तबेला येत होता. आपण आपल्याच लेकराला एका बनावटीपुढे ठेवलं आहे, आणि हे फादर सोडले तर जगात आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, या विचाराने त्याने नजर पिसावरच ठेवली.

बराच वेळ काही झालं नाही. मेणबत्ती स्थिर जळत होती.

मग पीस हललं.

ते बाहेर उडालं नाही. त्याचं टोक आत वाकलं, ओठांच्या मधे... लेकरू रडण्याआधी जसा खोल श्वास ओढून घेतं, तसं. अमांदने पुढचं रडणं ऐकायला कान टवकारले. रडणं आलं नाही. पीस सुटलं, वर चढलं, मेणबत्तीच्या ज्योतीवरून गेलं आणि मायेच्या छातीपाशी अंधारात दिसेनासं झालं. ते खाली पडलेलं कुणी पाहिलं नाही.

फिलोमेनने केव्हाच पाणी शिंपडलं होतं.

"नाव सांग, नाव. लवकर."

"ओदिल," तो म्हणाला. नाव सिदोनीने ठरवून ठेवलं होतं.

ओदिलला भिंतीच्या आत, झुडपांच्या कुंपणाकडेला जागा मिळाली. घरी आल्यावर त्याने सिदोनीला सांगितलं, पीस हललं. तिने मान हलवली. जणू तिला ते आधीच कळलं होतं.

"रडली ना ती," ती म्हणाली. "एकदाच. मी ऐकलं."

"चर्च केवढं लांब आहे, सिदोनी."

"चर्चमधून नाही..." तिने छताकडे बोट दाखवलं. "वरून."

मांजर असेल, असं तो म्हणाला. घरात मांजर नव्हतं.

त्यानंतर तो माळ्यावर गेला नाही. लाकूड लागलं तर शेजाऱ्याकडून आणी. सिदोनी ताकातली पेज दोन घास खाऊन वाडगा बाजूला सारी आणि छताकडे बघत पडून राही. रडत नसे. कधी कधी ओठ हलवत असे. कानोसा घेतला तर अंगाईचा सूर. आठवडे गेले तशी ती थोडी चालू लागली. एका दुपारी अमांदला ते सहन होईना. तो फादरकडे गेला.

फादरनी चिकोरीची कॉफी पुढे ठेवली. अमांदने कप बाजूला सरकवला. मग त्याने विचारलं, पीस हललं ते खरं धरायचं का.

फादर उठून दार लावून आले. त्यांचा आवाज खाली आला. "जुनीला जाळलंस ना?"

"हो," अमांद म्हणाला. हे खोटं इतक्या सहज आलं, की त्याला स्वतःलाच क्षणभर पटलं.

"मग बरं झालं... मी तुला एक सांगतो, कुणाला बोलू नकोस. नवीला मी अजून आशीर्वाद दिलेला नाही. रोज ठरवतो, उद्या देऊ. तिच्यापुढे उभा राहिलो, की धीर होत नाही." त्यांनी डोळे पुसले. "म्हणून तुलाच विचारणार होतो, बाबा. तू तिथे होतास. नक्की हललं ना ते?"

म्हणजे ते नुसतं लाकूड होतं. तबेल्यात टांगलेलं, सामत्याने टोचलेलं लाकूड. अमांद हो म्हणाला आणि निघाला.

घरी पोचला तेव्हा बिछाना रिकामा होता. माळ्याची शिडी लावलेली होती.

तो चढला. धुराड्याच्या उबेने वर लाकडाचा गोड वास कोंडला होता, आणि त्यात आणखी काहीतरी होतं, तान्ह्याच्या तोंडच्या दुधासारखं. फळ्या बाजूला सारलेल्या होत्या. सिदोनी जमिनीवर पाय पसरून बसली होती. तिच्या मांडीवर जुनी माय होती, आणि मायेच्या मांडीवर, कुऱ्हाडीच्या घावांत, हंसाचं एक पीस होतं. देठावर मेणाचा थेंब.

अमांदने शिडीची कड घट्ट धरली.

"हिचा चेहरा कुठंय?" सिदोनीने विचारलं. रागाने नाही.

"धुतला गेला."

"कुणी धुतला?"

"मी."

तिने त्या सपाट जागेवरून हात फिरवला, आजाऱ्याच्या कपाळावरून फिरवावा तसा. "रोज स्वप्नात येते. ओदिलला घेऊन बसते. चेहरा नसतो. मला वाटायचं, मला दिसत नाही म्हणून..." ती थांबली. "पोर रात्रभर मान वर करून बघत असते, अमांद. कुणाकडे बघायचं तेच तिला कळत नाही."

त्याने सगळं सांगितलं. सांगायला फारसं नव्हतंच. कापड, हातगाडी, सोड्याचं पाणी. फादरशी नुकतंच बोललेलं खोटंही त्याने सांगितलं. मी हिला नवा चेहरा कोरून देतो, असं तो शेवटी म्हणाला.

"तू हात लावू नकोस तिला," सिदोनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांनी जुन्या मायेला जांभळ्या कापडाच्या एका तुकड्यात गुंडाळून चर्चच्या आवारात नेलं. खड्डा अमांदने खणला. सिदोनीने तिला ओदिलच्या शेजारी, कुशीवर ठेवलं. पीस मांडीवरून काढलं नाही. फादर बागेतून बघत होते. ते आत निघून गेले. त्यानंतर सिदोनीला झोप लागू लागली. अमांदला लागेना. त्याने मूर्ती कोरणं सोडलं आणि दारं-खिडक्या करू लागला. छताकडे बघायची सवय आता त्याला लागली होती.

हिवाळा गेला. पुन्हा कापडं चढली, पुन्हा ईस्टर आला.

प्रार्थनेच्या आधी फादरनी मायेवरचं जांभळं कापड ओढून काढलं. बायांनी नेहमीप्रमाणे छातीवर क्रूसाची खूण केली. कुणाला काही वेगळं वाटलं नाही. पहिल्या रांगेतली फिलोमेनसुद्धा शांत होती.

अमांदने मात्र पाहिलं. मायेच्या मांडीवर त्याने गेल्या वर्षी स्वतः कुऱ्हाडीने घाव पाडले होते, धारदार, कोरे. ते राहिले नव्हते. लाकूड तिथे झिजून गुळगुळीत झालं होतं, वर्षानुवर्षं कुणी बसून झिजावं तसं. मधे थोडा खळगा पडला होता. आणि मायेची मान, जी त्याने जुनीसारखीच ताठ कोरली होती, ती किंचित खाली होती.

त्याच्या तोंडून सिदोनीचं नाव मोठ्याने निघालं.

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. ती मायेकडे बघत होती आणि फार दिवसांनी हसत होती.

"हळू," ती म्हणाली. "आत्ताच झोपलीय."