डावं कोपर

दार लावा, गारठा आत येतोय. सायकली घेतल्या ना सगळ्यांनी आत? मग बसा. आणि मेलीन, तू हसू नकोस. शांप्लोरच्या रस्त्यानं रात्री सायकली हाणायचं तुम्ही ठरवलंय असं कानावर आलं, म्हणून सांगतोय. नाहीतर मला काय पडलंय.

ही माझी गोष्ट नाही, रेजीची आहे. होय, तोच. चौकातल्या कॅफेत दाराशी एकटा बसतो तो. त्यानं ती मला इथंच सांगितली, या पिंपावर बसून. 

रेजी आणि फाब्रिस, दोघांच्या द्राक्षांच्या ओळी बांधाला बांध लागून. सायकलींचा क्लब तेव्हा मी चालवायचो. पोरवयापासून दोघं माझ्यासमोर सायकलवर वाढले. फाब्रिस पुढं, रेजी मागं. कायम. पुढचा वारा फोडतो, मागच्याला आडोसा मिळतो, आणि पुढचा दमला की कोपर झटकतो. म्हणजे, ये बाबा, आता तू हो पुढं. तुम्ही रोज करता, तुम्हाला काय सांगायचं! पण रेजीला ते कोपर दिसायचंच नाही. आणि गावाची पाटी जवळ आली की हा पठ्ठ्या ताजातवाना आडोशातून निघायचा आणि पहिला पाटी मारायचा, म्हणजे शर्यत त्याचीच. आयत्या बिळावर नागोबा. सगळे त्याला गोचीड म्हणायचे, अगदी तोंडावर. तो दात काढायचा.

फाब्रिसचा उजवा खांदा लहानपणी मोडलेला. म्हणून तो डावं कोपर झटकायचा. दोनदा हलकेच, मग एकदा जोरात. लांबून बघूनसुद्धा ओळखू यायचं, फाब्रिस दमला.

मग त्याच्या हृदयानं कुरबुर सुरू केली. डॉक्टर म्हणाला, सायकल चालव, पण वाऱ्याला छाती देऊ नकोस. त्याची बायको मुरिएल, तिनं त्याच्याकडून शब्द घेतला. म्हणाला, "दमलो की लगेच मागं जाईन. तुझी शपथ."

त्या वर्षी द्राक्षतोडणी संपल्यावरच्या रविवारी आम्ही सगळे निघालो. उत्तरेचा वारा असा होता की डोळे उघडवेनात. ते दोघं पुढं निघून गेले, आम्ही मागं राहिलो. आम्ही आपल्या गावाच्या, शांप्लोरच्या पाटीशी पोचलो तेव्हा रेजी पाटीखाली उभा होता. पांढराफटक. आणि फाब्रिस अलीकडंच चरात पडलेला. संपला होता.

दफन झाल्यावर स्मशानाच्या फाटकाशी मुरिएलनं रेजीला गाठलं. मी शेजारीच होतो. तिनं विचारलं, "खरं सांग रे. त्यानं तुला पुढं बोलावलं होतं का?"

रेजी म्हणाला, "नाही गं. एकदाही नाही. मीच म्हणत होतो, ये मागं. पण तुला माहितीय ना तो किती हट्टी."

झालं. त्या दिवसापासून ती बाई नवऱ्यावर जी रुसली ती रुसलीच. थडग्यावर नाव घातलं आणि तारीख, बाकी अक्षर नाही. त्याची सायकल तळघरात भिंतीकडं तोंड करून टांगली. स्मशानात पुन्हा पाऊल टाकलं नाही. मी एकदा म्हटलं, "अगं, फूल तरी ठेवून ये." तर म्हणाली, "कशाला? माझी शपथ खाऊन गेला आणि एक पाटी त्याला माझ्यापेक्षा मोठी झाली. मेल्यानं फसवलं मला." नवरा गेल्याचं दुःख पचतं हो. पण नवऱ्यानं आपल्याला मोजलंच नाही, हे कसं पचायचं? आणि शेजारच्या बांधावर रेजी. रोज दिसायचा, रोज हात करायचा. पण ताकास तूर लागू देईना.

तर गेल्या वर्षीची बावीस एप्रिलची रात्र. सोमवार. आठवते ना? कोवळे कोंब फुटलेले आणि दव गोठायला लागलं. सगळं गाव रानात. ओळींमधून मेणाचे डबे मांडून ठेवलेले, कोंबांना ऊब मिळावी म्हणून पहाटेच्या आत पेटवायचे. आणि ऐनवेळी डबे पेटवायचा रेजीचा गॅसबर्नर बंद पडला. मुरिएलच्या ओळीही त्याच्यावरच पेटायच्या. रेजीची बहीण टेकडीपलीकडं राहते, तिच्याकडं दुसरा होता. गाडी न्यावी तर याचं लायसन्स जप्त झालेलं, दारू पिऊन चालवली म्हणून. मी म्हटलं, "जा सायकलनं. तेवढीच ऊब येईल."

गेला. बर्नर घेतला, पाठीवरच्या पिशवीत टाकला आणि परत फिरला.

दव गोठायच्या रात्री वारा पडलेला असतो. पान हलत नाही. म्हणून तर दव गोठतं. पण टेकडी उतरून रेजी सपाटीला लागला आणि त्याला समोरून वारा लागला. दोन्ही बाजूंना वेली स्तब्ध. कुठं पाचोळा सरकत नव्हता. वारा फक्त त्याला.

त्यानं मान खाली घातली आणि पायडल हाणायला लागला.

तेवढ्यात मागून आवाज आला. टक् टक् टक् टक्. पायडल न मारता सायकल सोडून दिली की चाक वाजतं ना, तसं. त्याला वाटलं, आपल्यासारखाच कुणीतरी बर्नर आणायला गेलेला असणार. बरं वाटलं त्याला. सोबत झाली. आणि वारा तर मरणाचा. म्हणून त्यानं... उभ्या जन्मात कधी पुढं न राहिलेल्या माणसानं... कोपर झटकलं.

ये, तू हो पुढं.

कुणी आलं नाही.

पुन्हा झटकलं. मागं नुसतं टक् टक् टक्. मागचा पायडल मारतच नव्हता. फुकट येत होता, आडोशानं.

रेजी ओरडला, "अरे ये की पुढं! गोचीड साला!"

हसा, हसा. मलाही हसू आलं होतं ऐकताना. पण तो स्वतः बोलला आणि गप्प झाला. कारण तो शब्द कुणाचा, ते त्याला ठाऊक होतं.

त्यानं काखेतून मागं बघितलं. दिवा नव्हता. एक चाक होतं. त्याच्या चाकाला अगदी चिकटून. आणि मुठीवर हात. उजवा खांदा किंचित वाकडा.

थांबावं म्हटलं, पाय थांबेनात. छाती भरून आली. तोंडात रक्ताची चव. तो कोपर झटकत राहिला. विनवायला लागला. "ये ना रे... एकदाच ये... मरतोय मी..."

टक्.

टक्.

"फाब्रिस..."

...

नुसतं मागं असणं.

मग समोर पाटी दिसली. शांप्लोर. आणि त्याच्या डाव्या अंगाला काहीतरी आलं. गार. सावकाश. पुढं गेलं. पाटीच्या पलीकडं... आणि वारा पडला. एकदम.

रेजी चरात कोसळला. त्याच चरात.

तो रानात आला तेव्हा सायकल ढकलत आला. मुरिएल बांधावरच उभी होती. म्हणाली, "आलास एकदाचा? कोंब गेल्यावर पेटवायचं होतं का?" त्याच्या पिशवीतून तिनंच बर्नर काढला आणि पहिला डबा पेटवला. उजेड पडला. मी पलीकडच्या ओळीत होतो, मला सगळं दिसत होतं. रेजी नुसता उभा होता. आणि त्याचं डावं कोपर हललं.

दोनदा हलकेच. मग एकदा जोरात.

मुरिएलनं विचारलं, "हे काय?"

"थंडीनं..."

पुन्हा हललं. त्यानं उजव्या हातानं ते दाबून धरलं, तरी मुठीतून निसटून झटकलं. दोनदा हलकेच, एकदा जोरात.

तिनं बर्नर खाली ठेवला. बराच वेळ त्या कोपराकडं बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "हे तुझं नाही."

रेजी कोपर पाठीमागं लपवायला लागला.

"बोलावलं होतं त्यानं तुला. किती वेळा?"

"रेजी. किती वेळा?"

तो म्हणाला, "पडेपर्यंत."

मला वाटलं, आता ही कानाखाली वाजवणार. वाजवायलाच हवी होती. नाही वाजवली. डबे तसेच टाकून, चिखलाच्या बुटांनी, अंधारात ती स्मशानाकडं चालत गेली. उजाडलं तरी आली नाही. तिच्या ओळी आम्ही पेटवल्या, पण उशीर झालेला. निम्मे कोंब काळे पडले. मी तिला सांगायला गेलो, तर म्हणाली, "जाऊ देत. त्यानं शब्द पाळला होता. मीच इतके दिवस त्याला शिव्या घालत बसले." आणि मग रडली. मला नाही बघवलं.

रेजीला? नाही, माफ नाही केलं. का करावं?

त्याचं कोपर अजून झटकतं. डॉक्टर झाले, फोटो झाले, कुणाला काही सापडत नाही. कॅफेत बघा कधी, ग्लास उजव्याच हातात धरतो. लायसन्स अजून मिळालं नाही, त्यामुळं जातो सायकलनंच. एकटा.

परवा अंधार पडल्यावर मी गाडीनं घरी येत होतो. पुढं रेजी. वारा अजिबात नव्हता, तरी मान खाली घालून, धापा टाकत चाललेला. पाटी जवळ आली आणि कोपर झटकलं. दोनदा हलकेच, एकदा जोरात.

रस्ता मोकळा होता. पण मी ब्रेक दाबला. त्याच्या मागं एका सायकलीपुरती जागा सोडली आणि तो गावात शिरेपर्यंत थांबून राहिलो.